पैसे ज्याचे त्याला: सचोटीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न वेगवेगळे येतात, घोळ मात्र एकच. देवाशी मिटलं की माणसाशीही आपोआप मिटलं, असं धरलं जातं.

प्रश्न: सचोटी म्हणजे खोटं न बोलणं, एवढंच ना?

नाही. बायबलमध्ये सचोटीसाठी येणारा हिब्रू शब्द 'तोम' म्हणजे पुरेपणा. त्याच धातूतला 'तामीम' हा शब्द अर्पणाच्या निर्दोष पशूसाठी येतो. जमीन विकून प्रेषितांकडे आलेल्या हनन्याने (प्रेषितांची कृत्ये 5) पैसे आणले होते, मागे ठेवलेला भाग तेवढा लपवला.

प्रश्न: नोकरीत खोटी प्रवासबिलं लावून पैसे घेतले. देवाजवळ पाप कबूल केलं, मनाला शांती मिळाली. आता ती रक्कम मंडळीला दान दिली तर चालेल का?

नाही. ते पैसे मंडळीचे नव्हतेच.

लेवीय 6 उघडा. मूळ रक्कम पूर्ण, वर पाचवा हिस्सा, आणि तीही दोषार्पणाच्याच (दोषासाठी द्यायच्या बलीच्या) दिवशी. 100 घेतले तर 120. गणना 5 मध्ये क्रमही आहे: आधी ज्याचं नुकसान झालं तो, तो नसेल तर त्याचा जवळचा नातलग, तोही नसेल तरच याजक. लोक हा क्रम उलटा लावतात, कारण दानपेटीला तोंड दाखवावं लागत नाही. चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर भरपाई चौपट (निर्गम 22). जकातदार जक्कयाने (लूक 19) कोणी न मागता तोच दर स्वतःला लावून घेतला. हे आकडे आज नियम म्हणून बांधील नाहीत, पण त्यात शून्य कुठेच नाही.

बिलांची तारीखवार यादी करा. आठवत नसेल तिथे अंदाज जास्तीचा धरा. कबुलीत फक्त स्वतःचं लिहा, सहकाऱ्यांची नावं नकोत. निनावी पाकीट पाठवू नका. ते हिशेबात बसत नाही आणि संशय भलत्यावर जातो. लेखी कबुलीला कायदेशीर परिणाम असतात, म्हणून पत्र आधी वकिलाला दाखवा, पाळकांशीही बोला. मात्र 'सल्ला घेतोय' म्हणत वर्ष घालवू नका.

प्रश्न: एका प्रवचनकाराने सांगितलं, 'बीजदान' (देव वाढवून परत देईल म्हणून 'पेरलेले' पैसे) पाठवा, जुना दोष फिटेल.

फिटणार नाही. ही विक्री आहे.

प्रश्न: खजिनदार अर्पण एकटेच मोजतात. विचारलं की म्हणतात, 'विश्वास नाही का?'

यरुशलेमसाठी जमवलेल्या मदतीबाबत प्रेषित पौलाने एकट्यावर भिस्त ठेवली नाही. कोणी दोष लावू नये म्हणून इतर बंधू सोबत दिले (2 करिंथ 8). नात्यात नसलेल्या दोघांनी उपासनेनंतर तिथेच मोजावं, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि बँकेची पावती तिला जोडावी. हे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीपुढे मांडा, फाटकापाशी कुजबुजू नका.

प्रश्न: मित्राला जामीन राहिलो, आता पस्तावतोय. शब्द मोडणं पाप ना?

स्तोत्र 15 नुकसान सोसूनही शब्द पाळायला सांगतं. पण नीतिसूत्रे 6 जामीनदाराला म्हणतं, झोपू नकोस, जा, विनवणी करून मोकळा हो. म्हणजे पळायचं नाही, सोडवणूक मागायची. कागद आजच वकिलाला दाखवा.