काजूच्या बोंडांचा रस दारू गाळण्यासाठी घरी कसा आंबवावा? पन्नास लिटरला गूळ, नवसागर आणि यीस्ट किती?

नवसागर शून्य. गूळ शून्य. यीस्ट घातलंच तर १० ते १२ ग्रॅम, नाही घातलं तरी चालतं.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण "गूळ-नवसागराशिवाय चढत नाही असं गावातले जाणकार सांगतात" असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, आणि तसले एक जाणकार माझ्याही नात्यात आहेत. माझे भावोजी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात लायसन्स काढून हंगामात भट्टी लावतात, आणि "गूळ घातल्याशिवाय चढताच नाय" हे त्यांचं वाक्य मी लग्नाकार्यात, गणपतीत, सगळीकडे ऐकलंय. म्हणून त्यांच्याच एका पिंपाचे आकडे मांडतो. ग्रॅव्हिटी (रसाची घनता; साखर जास्त तितका आकडा जास्त, साखर खपली की तो उतरतो) मी स्वतः हायड्रोमीटरने घेतली होती, तोंडच्या गप्पा नाहीत.

पिंपात ५० लिटर रस. बोंडं चांगली पिकलेली, रसाची ग्रॅव्हिटी १.०४४, म्हणजे साधारण ११ ब्रिक्स, शंभर ग्रॅम रसात अकरा ग्रॅमच्या आसपास साखर. त्यात भावोजींनी ६ किलो गूळ फोडून टाकला, मूठभर नवसागर आणि बेकरीचं सुकं यीस्ट. ग्रॅव्हिटी गेली १.०८० वर. पिंप पत्र्याच्या शेडमध्ये, महिना एप्रिल. पहिले दोन दिवस फेस असा की झाकण उचललं गेलं, आणि भावोजी खूश. तिसऱ्या दिवशी सगळं थंड. थंड म्हणजे बुडबुडे बंद, रस मात्र हाताला कोमट लागत होता. ग्रॅव्हिटी १.०३० वर अडकली ती अडकलीच.

आता हिशोब करा. १.०८० वरून १.०३०, म्हणजे ५० अंक उतरले. त्याला १३१ ने गुणून हजाराने भागा, अल्कोहोल येतं साडेसहा टक्के. नुसता रस गुळाशिवाय आंबवला असता तर १.०४४ वरून ०.९९८ पर्यंत आरामात उतरतो, म्हणजे सहा टक्के. गुळामुळे रस फुगून ५३-५४ लिटर झाला होता हे धरलं, तरी एका बाजूला साडेतीन लिटर शुद्ध अल्कोहोल आणि दुसऱ्या बाजूला तीन. सहा किलो गुळाचा फायदा अर्धा लिटर. आणि तोही न आंबलेल्या साखरेसकट भाण्यात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, गेला. भाणं आचेवर चढलं की ती साखर बुडाला बसते, करपते, आणि करपट वास शेवटच्या थेंबापर्यंत येतो. भावोजींचं यावर उत्तर : यीस्ट खराब होतं.

यीस्ट खराब नव्हतं. ते उन्हाने आणि स्वतःच्या उष्णतेने मेलं. आंबताना रस स्वतः तापतो. एक टक्का साखर खपली आणि उष्णता बाहेर गेली नाही, तर तापमान साधारण सव्वा अंशाने चढतं. वीस टक्के साखर, बाहेर ३४ अंश, वर पत्रा. चाळीशी गाठायला वेळ लागत नाही. पस्तिशीच्या वर यीस्ट दमायला लागतं, जड वासाची अल्कोहोलं जास्त तयार करतं, आणि आधीच तयार झालेलं अल्कोहोल त्याला आणखी बाधतं. नुसत्या रसात साखर निम्मी, म्हणून तापणंही निम्मं. कोकणातल्या उन्हाळ्यात बोंडाच्या रसाची पातळ साखर ही अडचण नाही, सोयच आहे. गोव्यात जुने लोक मातीचं कोडें (रस आंबवायचं मडकं) जमिनीत पुरून ठेवायचे ते याचसाठी. तुमच्याकडे पिंप असेल तर सावलीत, जमिनीवर टेकवून ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि ते सुकू देऊ नका. एवढ्याने तीन-चार अंश खाली राहतं.

नवसागराचं. तो म्हणजे अमोनियम क्लोराइड. 'कडकपणा' त्यातून येत नाही. त्यातला नायट्रोजन यीस्टचं खाणं आहे. गूळ-पाण्याच्या रसायनात (गाळण्यासाठी आंबवलेल्या मिश्रणाला रसायन म्हणतात) नायट्रोजन जवळजवळ नसतो, म्हणून हातभट्टीवाले तो टाकतात. बोंडाच्या रसात अमिनो आम्लं भरपूर असतात. काही न घालता रस दुसऱ्या दिवशी उकळल्यासारखा दिसतो, त्याचा अर्थच तो की यीस्टला खायला पुरेसं आहे. मग नवसागर करतो काय? त्यातलं क्लोराइड आंबट रसात तांब्याचं भाणं खातं. आणि रसाचा आंबटपणा मारायला कोणी चुना टाकला तर अमोनिया सुटतो, वाफेबरोबर नळीत चढतो, तांबं विरघळवतो आणि खाली निळसर पाणी उतरतं. ते निळं बघून "माल कडक" म्हणणारे मी पाहिलेत. नवसागराऐवजी खताचं डीएपी टाका असं कोणी सुचवलं तर तेही नको. खताच्या दर्जात कॅडमियमसारखे धातू चालवून घेतात, पोटासाठी ते नसतं.

आता रसाकडे येतो. बोंडं आपोआप गळून पडलेलीच घ्या, झाडावरची ओढू नका. ओढलेल्यात साखर कमी आणि तुरटपणा जास्त. सकाळी वेचलेली त्याच दिवशी संपवा, रात्रभर ढीग राहिला की खालची बोंडं बुरसतात. बी पिळून काढताना एकही आत राहू देऊ नका. टरफलातलं तेल कातडी भाजतं, आणि बी चुकून चेचली गेली तर सगळा रस गेला असं समजा. गोव्यात कोळंबीत (बोंडं तुडवायच्या जागेत) बोंडं पायाने तुडवतात ते उगाच नाही : मांस फुटतं, राहिलेली बी फुटत नाही. मिक्सर तर मुळीच नको. चोथा बारीक झाला की कापडातून उतरतो, मग तो भाण्यात करपतो आणि त्यातल्या पेक्टिनमुळे मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलही थोडं वाढतं. तुडवा किंवा साध्या दाबयंत्रात दाबा, दुहेरी पंच्यातून गाळा. उरलेल्या चोथ्याचा ढीग करून वर दगड ठेवला की जो निथळतो तो नीरो, तो पिऊन टाका, पिंपात घालू नका.

तुरटपणा काढायला साबुदाण्याची खळ घालायची का, असंही विचारलंय. सरबताला किंवा वाइनला घाला, लिटरमागे पाच ग्रॅम साबुदाणा शिजवून. गाळायच्या रसाला गरज नाही, तुरटपणा देणारं टॅनिन वाफेबरोबर चढत नाही, भाण्यातच राहतं.

भांडं लोखंडाचं नको, टॅनिनने रस शाईसारखा काळा होतो. ॲल्युमिनियम आंबटाने खड्डे पाडून घेतं. स्टील, माती किंवा खाण्याच्या दर्जाचं प्लास्टिक. आणि काजूवर ढेकण्या किडीसाठी फवारणी करताना वापरलेलं निळं पिंप कितीही धुतलं तरी नाही म्हणजे नाही. ५० लिटर रसाला ६५ लिटरचं पिंप घ्या, वरची जागा फेसाला लागते.

यीस्ट. आपोआप आंबू द्यायचं असेल तर काही घालू नका, सालीवरचं यीस्ट पुरतं, फक्त सुरू व्हायला दिवसभर जास्त लागतो आणि तेवढ्यात आंबट करणारे जिवाणू थोडे पुढे जातात. घालायचं असेल तर लिटरमागे पाव ग्रॅम सुकं यीस्ट. बेकरीचं चालतं, सहा टक्क्यांसाठी महागाचं वाइन यीस्ट आणायची गरज नाही. कपभर कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, मग त्यात थोडा थोडा रस घालून तापमान जवळ आणा, मग पिंपात. घालण्याआधी रस दोन बादल्यांमध्ये चार-पाच वेळा ओता, सुरुवातीला यीस्टला हवा लागते. त्यानंतर हवा शत्रू. झाकणाला भोक पाडून नळी काढा आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा. झाकण घट्ट करून नळी विसरलात तर पिंप फुटतं.

तीन ते पाच दिवसांत संपतं. बुडबुड्यांवर विसंबू नका, सलग दोन दिवस ग्रॅव्हिटी तीच आली तरच संपलं. हायड्रोमीटर बहुतेक २० अंशाला बनवलेला असतो. आपला रस ३० अंशाला मोजला तर आलेल्या आकड्यात दोन-अडीच अंक मिळवा. भावोजी हे मिळवत नाहीत, म्हणून त्यांचा रस नेहमी 'पूर्ण उतरलेला' असतो.

संपल्यावर ठेवून देऊ नका. फेस थांबला की वरचं कार्बन डायऑक्साइडचं पांघरूण पातळ होतं, चिलटं येतात, आणि दोन-तीन दिवसांत व्हिनेगर सुरू. असा रस गाळला की नेलपॉलिशसारखा वास येतो, तो कितीही वेळा गाळलात तरी पूर्ण जात नाही.

पुढचं गाळण्याचं मी लिहिणार नाही. तुम्ही सिंधुदुर्गातले दिसता. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या ६५ व्या कलमात विनापरवाना दारू करणं तर येतंच, त्यासाठीचं रसायन आणि भांडी बाळगणंही येतं. म्हणजे वरचं पिंपसुद्धा. गोव्यातही उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, घरच्या परसात लावली असं तिथेही चालत नाही. शिकायचंच असेल तर मार्च-एप्रिलमध्ये परवान्याच्या भट्टीवर जाऊन उभे राहा. आणि काडी लावून निळी ज्योत दिसली की माल शुद्ध, हे कोणी सांगितलं तर त्याच्याकडची पिऊ नका. मिथेनॉलही निळंच जळतं.

एक राहिलं. मे अखेर अवकाळी पडला की बोंडात पाणी भरतं आणि रस आठ ब्रिक्सवर येतो. तेव्हा, आणि फक्त तेव्हा, ५० लिटरला दीड ते दोन किलो गूळ घातला तर चुकत नाही, दोन-तीन ब्रिक्स वाढतात आणि रस परत नेहमीच्या जागी येतो. खडे टाकू नका, दोन लिटर पाण्यात उकळून, वरची मळी काढून, पूर्ण गार करून घाला. हे भावोजींच्या कानावर गेलं तर ते म्हणतील, बघ, शेवटी गूळच. त्यांचा सहा किलोचा होता.