हेअर ट्रान्सप्लांटनंतर डोक्यामागे व्रण राहतात का?

एफयूई (डोक्यामागून केसांची मुळं एकेक करून काढायची पद्धत) केलं तरी राहतातच. ‘बिनव्रणाची’ ही जाहिरातीची भाषा. साधारण ०.८ ते १ मिमीच्या पंचने (गोल, पोकळ पात्याने) मूळ काढलं की तिथे पांढुरका ठिपका उरतो. केस थोडे वाढवले की झाकला जातो, झिरो मशीन मारलं की दिसतो. खरा घोटाळा एकाच पट्ट्यातून जास्त मुळं उपसल्यावर होतो: मागचा भाग कायमचा विरळ. म्हणून किती मुळं आणि कुठून काढणार, हे आधीच विचारा.

एफयूटीत, म्हणजे मागची त्वचेची पट्टी कापून मुळं घेतात त्या पद्धतीत, आडवी रेघ राहते. ताण आला की ती रुंदावते, तेव्हा महिनाभर जिम आणि सिंहगड दोन्ही बंद. हेल्मेट घासून नवी मुळं निघू शकतात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत रिक्षाच बरी. कान टोचल्यावर कधी केलॉइडची (जखमेबाहेर वाढत जाणाऱ्या व्रणाची) गाठ आली असेल, तर शस्त्रक्रियेआधी सांगाच.