तीनशे फूट बोअर आणि पंधरा लाखांचा विमा

प्रश्न: वय ४४, आयटीत नोकरी, वारज्यात फ्लॅट. पत्नी घरी असते, मुलगी नववीत. गृहकर्ज ४२ लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के, हप्ता ४१ हजार. मुळशी तालुक्यात वडिलोपार्जित जागेवर छोटं घर आहे. पावसाळ्यात वाट चिखलाने बंद होते, म्हणून दिवाळी ते मे एवढंच जातो. विहिरीच्या काठावरचा एक एचपीचा मोनोब्लॉक पंप दर वर्षी त्रास देतो. दिवाळीनंतर चालू केला की मोटर फिरते, पाणी येत नाही. मे महिन्यात पुन्हा तेच. दोन वर्षांत दोन मोटरी बदलल्या, ३८ हजार गेले. आता बोअरवाला ३०० फूट बोअर आणि सबमर्सिबलचे (पाण्यात बुडवून चालवायच्या पंपाचे) अडीच लाख सांगतो. बँकेतून घेतलेल्या विमा पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज काढू, की ३ लाखांची एफडी मोडू? पीएफ सोडला तर बचत तेवढीच आहे. पॉलिसीचा हप्ता वर्षाला दीड लाख, १२ वर्षं. चार भरले, पाचवा जानेवारीत. विसाव्या वर्षी हमखास ३३ लाख, विमा १५ लाखांचा. घर शनिवार-रविवार भाड्याने देऊन बोअरचे पैसे वर्षभरात वसूल होतील असं वाटतं. (मला बीपीची गोळी चालू आहे.)

उत्तर: कर्जही नको, एफडीही मोडू नका. मुळात अडीच लाखांचा खर्चच उभा राहिलेला नाही.

मोटर फिरते आणि पाणी येत नाही, म्हणजे मोटर चांगली आहे. तुमच्या ३८ हजारांतले बहुतेक पैसे न बिघडलेल्या वस्तूवर गेले, याचं मला खरंच वाईट वाटतं. चार-पाच महिने पंप बंद राहिला की सक्शन पाइपातलं पाणी उतरतं. तळाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणाऱ्या झडपेत, गाळ किंवा काडी अडकते, नाहीतर आतलं रबर कडक होतं. पंपाच्या तोंडातून पाइप पाण्याने भरा आणि दहा मिनिटं थांबा. पाणी खाली गेलं तर फूट व्हॉल्व्ह गळतोय. पाणी टिकलं आणि तरी उपसा होत नसेल, तर पंपापर्यंतच्या एखाद्या सांध्यातून हवा शिरतेय. दोन्ही दुरुस्त्या हजार-दोन हजारांत बसतात.

मे महिन्याचं दुखणं वेगळं आहे. काठावरचा पंप व्यवहारात २२ ते २५ फुटांच्या खालचं पाणी ओढू शकत नाही, मोटर कितीही मोठी बसवा. दोरीला दगड बांधून पंपापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. पंचविसाच्या पुढे गेलं असेल तर पंप विहिरीत खालच्या टप्प्यावर घ्या किंवा ओपनवेल सबमर्सिबल टाका. आणि पाणी नसताना पंप चालू ठेवू नका, सील जळतं. बोअरचं म्हणाल तर आपल्याकडचा काळा खडक बेसॉल्ट आहे. पाणी मिळतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. खोल गेलं की पाणी लागतंच असं नाही. बोअरवाला मात्र फुटावर पैसे घेतो, कोरडी गेली तरी.

भाड्याचंही बघू. मुळशीला गर्दी होते पावसाळ्यात, तेव्हा तुमची वाट बंद. उरलेल्या महिन्यांत स्वतःचं जाणं, सण, परीक्षा वगळून पंधरा शनिवार-रविवार लागले आणि प्रत्येकाचे सहा हजार मिळाले, तर ९० हजार. घर सांभाळायला महिना आठ हजारांवर माणूस ठेवलात की ९६ हजार गेले. वसुली इथेच संपली.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पत्राचा मोठा भाग पंपाचा आहे, पण ते वाचताना माझी नजर एकाच ओळीवर अडकली: विमा १५ लाखांचा. कर्ज ४२ लाख, कमावणारे तुम्ही एकटे, मुलगी नववीत. उद्या तुम्हाला काही झालं तर १५ लाख कर्जात जातील आणि २७ लाख तरीही उरतील. ४१ हजारांचा हप्ता तुमच्या पत्नीने कुठून भरायचा? वर्षाला दीड लाख घेणाऱ्या माणसाने तुम्हाला हा प्रश्न एकदाही विचारला नाही, याचा मला राग येतो.

परतावाही बघा. तुम्हाला सांगितलं असणार, १८ लाख भरा, ३३ घ्या, जवळपास दुप्पट. पण त्याला वीस वर्षं लागतात. हिशोब केला की दर निघतो साधारण सव्वाचार टक्के. हेच दीड लाख बारा वर्षं पीपीएफमध्ये टाकले असते आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला असता, तर विसाव्या वर्षी ५० लाखांच्या आसपास झाले असते. सतरा लाखांचा फरक! बँकेला साडेआठ टक्के व्याज देत असताना सव्वाचार टक्क्यांत पैसे अडकवायचे, आणि वर त्याच पॉलिसीवर साडेनऊने कर्ज काढायचं? कृपा करून हे करू नका.

'चार हप्ते वाया जातील' म्हणून पुढचे आठ भरावेत का? कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज बंद केली तर किती मिळतील, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवली, तर विसाव्या वर्षी किती. पेड-अप रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे ११ लाखांच्या जवळ असेल, तर पुढच्या १२ लाखांवर तुम्हाला मिळणारा दर पाच टक्क्यांच्या आतच राहतो. तेवढ्यासाठी मी हप्ते भरणार नाही. पेड-अप करा.

पण क्रम चुकवू नका. आधी दीड कोटीचा साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा), वयाच्या साठीपर्यंतचा. हप्ता दीड लाखाच्या लहानशा हिश्श्यात बसेल. बीपीची गोळी अर्जात स्पष्ट लिहा. हप्ता थोडा वाढला तर वाढू दे; लपवलंत तर दावा अडकेल आणि तेव्हा भांडायला तुम्ही नसाल. ही नवी पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्या. अर्जासोबत एक फॉर्म भरावा लागतो, नंतर ते करता येत नाही. मग ते पैसे पत्नी आणि मुलीचेच राहतात, देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही.

उरलेल्या पैशांतून एफडी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी होऊ द्या. आजचे ३ लाख तुम्हाला तीन महिन्यांपलीकडे नेणार नाहीत. त्यानंतर दर वर्षी लाख-सव्वा लाख गृहकर्जात जादा भरा. तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या व्याजदराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड लागत नाही.

वैद्यकीय तपासणीला वेळ जातो, म्हणून टर्मचा अर्ज याच आठवड्यात टाका. जानेवारीचा हप्ता, नवी पॉलिसी हातात आल्यावरच थांबवा. आणि शनिवारी मुळशीला जाताना पान्हा, टेफ्लॉन टेप, दोरी आणि नवा फूट व्हॉल्व्ह घेऊन जा. पाइपाचा व्यास मात्र आधी फोन करून गावातल्या कुणाकडून तरी मोजून घ्या.