पोटॅशिअमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन कुठे जातो? आवर्तसारणीवरची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. सगळी ११८ मूलद्रव्यं क्रमाने पाठ करायलाच हवीत का? (पालक, सातारा)

मुळीच नाही. पहिली वीस तोंडपाठ असली की पुष्कळ झालं. उरलेला वेळ तिला जागा वाचायला शिकवण्यात घालवा. मॅग्नेशिअम तिसऱ्या आवर्तनात (आडव्या ओळीत), दुसऱ्या गणात (उभ्या स्तंभात) आहे. म्हणजे कवचं (केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉनचे थर) तीन, शेवटच्या कवचात इलेक्ट्रॉन दोन, संयुजा (इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) दोन. म्हणून एका मॅग्नेशिअमला दोन क्लोरीन लागतात. तेराव्या गणापासून पुढे गणाच्या क्रमांकातून दहा वजा केले की बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन मिळतात. अपवाद फक्त हेलिअमचा, त्याच्याकडे मुळात दोनच आहेत.

प्रश्न : टेल्युरिअमचं अणुवस्तुमान १२७.६ आणि आयोडीनचं १२६.९. मग हलकं आयोडीन नंतर का? (शिक्षक, लातूर)

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती आणि अणूला केंद्रक असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या हाती होती अणुवस्तुमानं आणि गुणधर्म. आयोडीनचं वागणं क्लोरीन, ब्रोमीनसारखं, म्हणून त्याने ते त्यांच्याच खाली ठेवलं आणि टेल्युरिअमचं वस्तुमान मोजण्यात चूक झाली असावी असं धरलं. जागा बरोबर होती, कारण चुकीचं होतं.

खरं कारण १९१३ मध्ये हेन्री मोसलीने दाखवलं. मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या वारंवारतेचं वर्गमूळ एकेका मूलद्रव्यागणिक समान पायरीने वाढतं, आणि ही पायरी म्हणजे केंद्रकातला एकेक प्रोटॉन. टेल्युरिअमचा अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, ५२, आयोडीनचा ५३. वाद तिथेच मिटला. टेल्युरिअम भारी भरतं ते न्यूट्रॉनमुळे : निसर्गात त्याचे सुमारे दोन तृतीयांश अणू १२८ आणि १३० वस्तुमानांकाचे (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) असतात, तर आयोडीन फक्त १२७ चं. हे काम करणारा मोसली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. विज्ञानाचं केवढं नुकसान!

प्रश्न : तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात. मग पोटॅशिअमचं संरूपण (कवचागणिक इलेक्ट्रॉनची मांडणी) २, ८, ९ न होता २, ८, ८, १ का? (अकरावीचा विद्यार्थी, नांदेड)

हा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला जायला हवा. कवचाची क्षमता म्हणजे जास्तीत जास्त किती मावतील ते. आधी कुठे भरतील ते त्यातून कळत नाही. कवचात उपकवचं असतात : एसमध्ये २, पीमध्ये ६, डीमध्ये १०, एफमध्ये १४. तिसऱ्या कवचाचे एस आणि पी आरगॉनपाशी भरून आठ होतात. रिकामं राहतं ते डी.

आता एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनपुढे दोन वाटा : तिसऱ्याचं डी किंवा चौथ्याचं एस. एसमधल्या इलेक्ट्रॉनचा वावर, थोडा का होईना, पार केंद्रकापर्यंत असतो, त्यामुळे केंद्रकाची ओढ त्याला जास्त जाणवते. डीमधला तिथवर फारसा पोचत नाही. आतले अठरा इलेक्ट्रॉन आड येतात. म्हणून पोटॅशिअममध्ये चौथं एसच कमी ऊर्जेचं. बाहेर एकटा इलेक्ट्रॉन असल्यामुळेच पोटॅशिअम सोडिअमसारखं पाण्यावर तुटून पडतं.

कॅल्शिअमपाशी (२, ८, ८, २) एस भरलं की डीची पाळी येते. स्कँडिअम २, ८, ९, २, आणि जस्तापर्यंत २, ८, १८, २. सारणीच्या मधले दहा स्तंभ ते हेच. वाटेत क्रोमिअम आणि तांबं एसमधला एक इलेक्ट्रॉन डीकडे वळवतात, ते लक्षात ठेवा. आणखी एक : शेवटी भरलं ते आधी रिकामं होतं, असं समजू नका. लोखंडाचे दोन इलेक्ट्रॉन जातात ते चौथ्या एसमधले, आणि उरतात २, ८, १४.

प्रश्न : डावीकडून उजवीकडे इलेक्ट्रॉन वाढतात, मग अणू लहान कसा होतो? (वाचक, पणजी)

नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतात, पण केंद्रकातले प्रोटॉनही वाढतात आणि सगळ्यांना आत ओढतात. लिथिअमची त्रिज्या १५२ पिकोमीटर, ऑक्सिजनची ६६. पुढच्या ओळीत सोडिअमपाशी तिसरं कवच सुरू होतं आणि त्रिज्या एकदम १८६ वर जाते.