नोकरी सोडून गेलेल्यांचे आणि पत्ता बदललेल्यांचे मेल फॉरवर्ड करावेत की नाकारावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कार्यालयाचा मेल सर्व्हर पोस्टफिक्स या सॉफ्टवेअरवर आहे, काही लोकांचे पत्ते नव्या पद्धतीने बदललेत, काही जण नोकरी सोडून गेलेत, आणि वरून आदेश आलाय की एकही मेल परत जाता कामा नये. म्हणून सरसकट सगळ्या जुन्या पत्त्यांना फॉरवर्ड लावायचाय, तोही एलडॅपमधून (कर्मचाऱ्यांच्या मध्यवर्ती डिरेक्टरीतून) आपोआप.

लावू नका. निदान सरसकट तरी नको.

हा आदेश मला शब्दशः पाठ आहे. मी जिथे सर्व्हर सांभाळत होते तिथले वरिष्ठ हेच म्हणायचे: "समोरच्याला त्रास का द्यायचा? मागून गुपचूप वळवून टाका." मी तेव्हाच सांगितलं होतं की आतल्या आत पत्ता बदललेला माणूस वेगळा आणि घर सोडून गेलेला माणूस वेगळा. पहिल्याला व्हर्च्युअल एलियास द्या, म्हणजे जुन्या पत्त्याचा मेल नव्या पत्त्यावर नेणारी नोंद; मेल आपल्याच सर्व्हरवर राहतो, कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्याला रिलोकेटेड टेबलात, म्हणजे हललेल्या पत्त्यांच्या यादीत, टाका आणि दारातूनच नकार द्या. यावर उत्तर मिळालं, "तुम्ही तांत्रिक लोक फार ताठ असता."

मग ताठपणा बाजूला ठेवून, लेखी आदेश घेऊन, सोडून गेलेल्या सगळ्यांचे मेल त्यांच्या खाजगी पत्त्यांवर वळवले. पुढे काय होतं ते कुठल्याही पोस्टमास्टरला, म्हणजे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला, विचारा. मेल पुढे ढकलताना पाकिटावरचा प्रेषक मूळचाच राहतो, पण पुढच्या सर्व्हरला दार ठोठावणारा आयपी दिसतो तो आपला. तो आयपी मूळ प्रेषकाच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे त्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीत, कुठून असणार? तिथे एसपीएफ नापास. डीकेआयएमची, म्हणजे प्रेषकाच्या डोमेनने मेलवर केलेली डिजिटल, सही शाबूत असती तर निभावलं असतं. पण वरिष्ठांच्याच हौसेखातर आमचा गेटवे (सगळे मेल ज्यातून जातात तो सर्व्हर) प्रत्येक मेलच्या तळाशी 'हा संदेश गोपनीय आहे' छाप मजकूर चिकटवत असे. मजकुराला हात लागला की सही मोडते. दोन्ही गेलं की डीएमएआरसी (या दोन्ही तपासण्या नापास झाल्यास मेलचं काय करायचं हे सांगणारं धोरण) कडक ठेवणाऱ्या डोमेनचा मेल थेट नाकारला जातो. वर जुन्या पत्त्यांवर येणारा सगळा स्पॅमही आपणच इमानदारीने पुढे पाठवतोय, म्हणजे आपल्या आयपीच्या अब्रूचा पंचनामा वेगळाच. काही आठवड्यांत आमची खरीखुरी बिलं लोकांच्या स्पॅममध्ये जाऊ लागली.

तरी हे सगळं सोसलं असतं. खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

आमच्यातली एक जण नोकरी सोडून गेली होती. एका ग्राहकाने तिला वेळीअवेळी मेल करून हैराण केलं होतं, म्हणून जाताना तिने स्पष्ट सांगितलं होतं की माझा नवा पत्ता कुणालाही कळू देऊ नका. वरिष्ठांचा तोडगा तयारच होता: "कळणार कसा? आपण गुपचूप फॉरवर्ड करतोय ना." त्या ग्राहकाने तिच्या जुन्या पत्त्यावर मेल टाकला, आमच्या सर्व्हरने तो तिच्या खाजगी पत्त्याकडे ढकलला, पलीकडच्या सर्व्हरने वर सांगितलेल्या कारणाने तो नाकारला, आणि आमच्या पोस्टफिक्सने नियमाप्रमाणे बाउन्स, म्हणजे 'मेल पोहोचला नाही' असा परतीचा मेल, तयार करून मूळ प्रेषकाला पाठवला. त्या बाउन्समध्ये काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. 'ओरिजिनल रेसिपियंट'च्या ओळीत जुना पत्ता आणि 'फायनल रेसिपियंट'च्या ओळीत तिचा खाजगी पत्ता, पूर्ण, कॉपी-पेस्ट करता येईल असा. तिचा फोन मला आला, वरिष्ठांना नाही. आणि नंतरच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा इतिवृत्तात नोंद झाली 'सर्व्हरमधील त्रुटी'. सर्व्हरने तेच केलं जे त्याने करायला हवं होतं.

म्हणून 'गुपचूप फॉरवर्ड' म्हणणाऱ्याला माझं सांगणं एवढंच: गुपचूप असं काही नसतं, पहिल्या बाउन्सपर्यंत सगळं गुपचूप असतं.

आता तुमच्या कामाचं. मेन डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलमध्ये रिलोकेटेड मॅप्सची ओळ टाकून टेबल दाखवा. टेबलात डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. 'यूजर हॅज मूव्ह्ड टू' हे शब्द पोस्टफिक्स स्वतःच लावतं, तुम्ही लिहिलेत तर प्रेषकाला ते दोनदा वाचावे लागतील. टेबल हॅश प्रकारचं असेल तर ते वाचण्याजोगं करणारी पोस्टमॅप ही आज्ञा चालवायला विसरू नका. पूर्ण डोमेनच हललं असेल तर डावीकडे नुसतं ॲट-चिन्ह आणि डोमेन चालतं. प्रेषकाला ५५० आणि ५.१.६ या कोडचा नकार जातो, तोही मजकूर स्वीकारण्याआधीच. म्हणजे बाउन्स बनवायची जबाबदारी त्याच्याच सर्व्हरवर पडते आणि खोट्या प्रेषकांच्या नावाने तुम्ही भलत्यालाच बाउन्स पाठवत बसत नाही.

आणि ज्याला नवा पत्ता सांगायचा नाही, त्याच्या ओळीत उजवीकडे पत्ता लिहूच नका. त्या जागी कार्यालयाचा फोन किंवा विभागाचा सामायिक पत्ता द्या. आरएफसी ३४६३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) ५.१.६ चा अर्थच मुळात 'पेटी हलली आहे, पुढचा पत्ता नाही' असा आहे, त्यामुळे पत्ता न देण्यात काहीच गैर नाही.

एक मेख आहे. तोच जुना पत्ता व्हर्च्युअल एलियासमध्ये राहून गेला असेल तर तो आधी लागू होतो आणि रिलोकेटेडची पाळीच येत नाही. उलट, साध्या एलियास फाइलमधली नोंद रिलोकेटेडच्या नंतर पाहिली जाते. "टेबल बरोबर आहे पण चालत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते. सेंडमेल हे दुसरं मेल सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी रिडायरेक्ट फीचर बघावं, तिथे पत्त्याला रिडायरेक्ट असं शेपूट लावलं की ५५१ हा नकाराचा कोड जातो.

हा ५५१ काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. १९८२ च्या आरएफसी ८२१ मध्येच दोन्ही वाटा दिल्या होत्या: २५१ म्हणजे 'इथे नाही, पण मी पुढे पाठवतो', आणि ५५१ म्हणजे 'इथे नाही, तिकडे विचारा'. आरएफसी ५३२१ ने दोन्ही ठेवल्या, पण बजावलं की हे वाचून समोरचा सर्व्हर आपला पत्ता सुधारेल असं गृहीत धरू नका. बरोबरच आहे, पण माणूस सुधारतो. नकार आल्याशिवाय कुणी ॲड्रेस बुकला हात लावत नाही. फॉरवर्ड चालू आहे तोवर प्रेषकाला काही बदललंय हेच कळत नाही, आणि ज्या दिवशी तो बंद पडेल त्या दिवशी सगळा राग तुमच्यावर.

काही अपवाद, जे वर म्हणायचे राहिले. पोस्टमास्टरचा पत्ता कधीही नाकारायचा नाही. हिशेब, खरेदी, तक्रारी असे पदांचे पत्ते माणसांबरोबर हलत नाहीत, तिथे एलियासच बरा. ज्यांचे पत्ते आतल्या आत बदललेत त्यांचा एलियास वर्षभर खुशाल ठेवा. बाहेर फॉरवर्ड करणं अगदी टळतच नसेल तर एसआरएस (पाकिटावरचा प्रेषक आपल्या डोमेनचा करणारी सोय) बसवा, मुदत घाला आणि तो तळाचा गोपनीय मजकूर आधी काढा. एसआरएसने एसपीएफ सुटतं, पण डीएमएआरसी तेव्हाही डीकेआयएमच्याच भरवशावर राहतं. आणि जुना पत्ता त्याच नावाच्या नव्या माणसाला देऊ नका. २०१३ मध्ये याहूने बंद पडलेले आयडी पुन्हा वाटले, तेव्हा नव्या मालकांना जुन्या मालकांची पत्रं येऊ लागली होती.

एलडॅपचं विचारलंत, तर हेच टेबल हॅशऐवजी एलडॅप प्रकाराने वाचता येतं. पण आधी ते हाताने लिहून पाहा. एक फायदा आहे: ज्याने 'फॉरवर्डच करा' म्हणून सांगितलं त्याचं नाव आणि तारीख # हे चिन्ह लावून त्या नोंदीच्या वरच्या ओळीत लिहून ठेवता येते. वरच्याच ओळीत हं. त्याच ओळीच्या शेवटी लिहिलंत तर पोस्टफिक्स त्याला टिप्पणी मानत नाही, पत्त्याचाच भाग समजतं.