मशीन घुं करते, चक्री मात्र जागची हलत नाही

प्रश्न : आमची सात किलोची सेमी-ऑटोमॅटिक मशीन सहा वर्षांची आहे. आठवडाभरापासून टायमर फिरवला की नुसता घुं असा आवाज येतो, ड्रम फिरत नाही. मेकॅनिकने मागचं झाकण न उघडताच ‘मोटर गेली’ म्हणून सांगितलं. नवी मोटर टाकायची का? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : इतक्यात नको. नुसत्या घुं आवाजावरून मोटर गेली असं कोणालाच ठरवता येत नाही. त्या आवाजातून एवढंच कळतं की करंट मोटरपर्यंत पोचतोय, पण ती सुटत नाही. पट्टा तुटला असता तर मोटर खाली मोकळी फिरली असती आणि तिचा आवाज भिर्र असा हलका आला असता. टायमर टिकटिकतोय पण आवाजच नाही, असं असतं तर बोर्डाचा प्लग, टायमरचे पॉइंट आणि वायर तपासायला सांगितलं असतं.

एक खुलासा आधीच करतो. सेमीत धुण्याच्या बाजूचा टब मुळात फिरतच नाही. फिरते ती तळाची चक्री. पार्टच्या दुकानात तिला पल्सेटर म्हणतात.

प्लग काढा, टब रिकामा करा आणि चक्री हाताने दोन्हीकडे फिरवून बघा. थोडी जड पण एकसारखी फिरली तर ठीक. एका जागी अडली किंवा खरखर लागली, तर तिच्या मधली टोपी उचकून स्क्रू काढा. चक्रीच्या कडेखाली समोरासमोर दोन नाड्या सरकवा आणि सरळ वर ओढा. खाली नाणी, ब्लाउजचे हूक, सेफ्टी पिना, लहान मुलाचा मोजा, काहीही निघू शकतं. घरात बोअरचं पाणी असेल तर चक्री क्षाराने शाफ्टला, म्हणजे तिला फिरवणाऱ्या मधल्या दांड्याला, घट्ट धरून बसते. तिथे पेचकसाने उचकटलं की काठ फुटलाच म्हणून समजा. त्यापेक्षा चक्री बुडेल इतकं गरम पाणी घाला, उकळतं नको. लिटरमागे एक मोठा चमचा लिंबूसत्त्व टाकून अर्धा तास ठेवा, मग ओढा. चक्री निघाली की तिच्या पोटातले दातही बघून घ्या. ते झिजून गुळगुळीत झाले असतील तर शाफ्ट फिरतो, चक्री फिरत नाही आणि कडकड वाजतं. नवी घेताना जुनी सोबत न्या. दातांची संख्या आणि व्यास दोन्ही जुळावे लागतात.

चक्री मोकळी असेल तर पहिला संशय कपॅसिटरवर. सिंगल फेजच्या मोटरला स्वतःहून सुटता येत नाही. कपॅसिटर तिच्या दुसऱ्या वाइंडिंगमधला (तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातला) करंट थोडा पुढे सरकवतो, म्हणून आत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कपॅसिटर निकामी झाला की क्षेत्र जागच्या जागी उलटसुलट होत राहतं आणि मोटर नुसती घुमते. अशा अवस्थेत तिला चालू ठेवू नका. पाच-सात मिनिटांत वाइंडिंग तापते, आतला थर्मल प्रोटेक्टर (तापल्यावर करंट तोडणारा स्विच) पडतो आणि मग पाऊण तास मशीन पूर्ण गप्प. हेच रोज चाललं तर मोटर खरोखर जळते आणि मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरतं!

मागचं झाकण काढलं की मोटरजवळ काळी किंवा पांढरी प्लास्टिकची डबी दिसते, तोच कपॅसिटर. प्लग काढलेला असला तरी त्यात चार्ज राहू शकतो. म्हणून हात लावण्याआधी होल्डरमधल्या जुन्या 100 वॅटच्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या दोन्ही टोकांना टेकवून तो रिकामा करा. मग एक वायर सोडवा आणि कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर लावा. डबीवर 10 मायक्रोफॅरड लिहिलं असेल तर मीटरवर 9.5 ते 10.5 दिसायला हवं. 9 च्या खाली असेल तर बदला. डबी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर मोजायचीही गरज नाही.

नवा घेताना आकडा तोच आणि 440 व्होल्ट एसीचाच घ्या. नागपुरात बर्डीला पार्टच्या दुकानात ‘दहाचा कपॅसिटर, 440’ एवढं म्हटलं तरी पुरतं. पंख्याचा 2.5 चा लावून काम भागत नाही. ‘जरा मोठा टाकू, जोर येईल’ हा सल्ला त्याहून वाईट, कारण मोठ्या कपॅसिटरने मोटर तापत राहते. काही मशीनमध्ये धुण्याचा आणि सुकवण्याचा कपॅसिटर एकाच डबीत असतो. तिथे वायरींचे रंग आधी मोबाइलवर टिपून ठेवा.

कपॅसिटर चांगला निघाला तरच मोटरकडे वळा. धुण्याच्या मोटरला तीन वायरी असतात, त्यातली एक कॉमन. ही मोटर दोन्हीकडे सारख्याच जोराने फिरायची असते, म्हणून तिच्या दोन्ही वाइंडिंग सारख्या. कॉमन ते पहिली आणि कॉमन ते दुसरी हे रेझिस्टन्स जवळपास एकच यायला हवेत, आणि पहिली ते दुसरी त्या दोघांच्या बेरजेएवढा. एका बाजूला मीटर काहीच दाखवत नसेल, किंवा एक आकडा दुसऱ्याच्या निम्म्यावर आला असेल, तर मोटर गेली म्हणायला हरकत नाही. हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : सकाळी मशीन व्यवस्थित चालते. मे महिन्यात संध्याकाळी मात्र कपडे टाकले की चक्री थांबते, कपडे काढले की फिरते. – एक वाचक, गोधनी रोड

उत्तर : तुमच्याकडे संध्याकाळी लाइन डिम होत असावी. मे महिन्यात त्या वेळी प्रत्येक घरात कूलर किंवा एसी सुरू असतो. अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 व्होल्टला 100 धरला तर 180 व्होल्टला जेमतेम 61 उरतो. बल्ब थोडासाच मंद दिसतो, पण मशीनच्या अंगातला दोन पंचमांश जोर गेलेला असतो. रिकामी चक्री तेवढ्यावर फिरते, ओल्या चादरींखाली नाही.

मशीन चालू असताना त्याच बोर्डावर व्होल्टेज मोजा. मशीन बंद असतानाचा आकडा फसवतो. 200 च्या खाली येत असेल तर त्या वेळी धुऊच नका. एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो आधी काढा, कारण बारीक वायरीत आणखी व्होल्ट पडतात. मशीनला अर्थिंग असलेला प्लगच हवा.

व्होल्टेज बरोबर असेल तर पट्टा बघा. पट्टा घसरत असेल तेव्हा मोटरचा आवाज नेहमीसारखा चालू राहतो, घुं होत नाही. रबराचा वास येतो आणि मशीनखाली काळी भुकटी सांडलेली दिसते. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा 10 ते 12 मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर मोटरचे बोल्ट सैल करा, मोटर खाचेत मागे सरकवा आणि पुन्हा कसा. नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवर किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलेल्या मशीनचा पट्टा कडक होऊन चकाकतो. तो ताणून उपयोग नाही, बदलाच. पट्ट्यावर एम-19, एम-20 असा नंबर छापलेला असतो. तो आकडा इंचांचा आहे, त्यामुळे अर्ध्या इंचाचा फरकही चालत नाही.

प्रश्न : फ्रंट लोड मशीन आहे. दार लॉक होतं, पाणी येतं, मग ‘टिक’ वाजून सगळं शांत. थोड्या वेळाने एरर येतो. बोर्ड बदलायला सांगितलंय. – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : दार लॉक होतंय आणि पाणी घेतलं जातंय, म्हणजे मशीनच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं बरंचसं काम चालू आहे. बोर्ड हा सगळ्यात महाग पार्ट. त्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

पाणी काढा, नळ बंद करा, प्लग काढून दहा मिनिटं थांबा. मग ड्रम हाताने फिरवा. हलका अडसर लागला तर पट्टा जागेवर आहे. ड्रम भिंगरीसारखा फिरत राहिला तर पट्टा निसटला किंवा तुटला. पावसाळ्यात खालून उंदीर शिरून पट्टा कुरतडतात, हेही आपल्याकडे नवीन नाही. फ्रंट लोडच्या पट्ट्यावर 1270 जे5 असं काही लिहिलेलं असतं. 1270 म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी, जे ही रिबची (पट्ट्याच्या आतल्या उभ्या धारेची) जात आणि 5 रिबांची संख्या. नवा आधी मोटरच्या पुलीवर घाला आणि मग मोठ्या चाकावर सायकलची चेन चढवतो तसा फिरवत चढवा. ड्रम फिरताना खडखडत असेल आणि वरच्या काठाला धरून उचलल्यावर खालीवर हलत असेल, तर बेअरिंग. ते घरी करायचं काम नव्हे.

मशीनवर ‘इन्व्हर्टर’ किंवा ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ लिहिलेलं नसेल तर आत बहुधा कार्बन ब्रशची मोटर आहे. मग आधी ब्रशच बघा. नवा ब्रश साधारण 35 ते 40 मिलिमीटरचा असतो, 10-12 वर आला की कम्युटेटरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्याला, नीट टेकत नाही. आधी काही दिवस ड्रम हाताने थोडा ढकलला की मशीन चालायची का, ते आठवून बघा. चालत असेल तर बहुतेक ब्रशच. दोन्ही एकदम बदला आणि तिरपं टोक जुन्यासारख्याच दिशेला ठेवा. कम्युटेटरवरची काजळी बारीक पॉलिश पेपरने पुसून भुकटी फुंकून काढा. पहिले दोन घाणे कमी कपड्यांचे घ्या. त्यात ठिणग्या थोड्या दिसल्या तर घाबरू नका.

प्रश्न : सेमीत धुण्याची बाजू ठीक, सुकवण्याची फिरत नाही. – एक वाचक, कामठी

उत्तर : स्पिनचं झाकण पूर्ण बंद करून ऐका. आवाजच नसेल तर झाकणाखालचा स्विच. घुं येत असेल तर प्लग काढून मागून ब्रेकची तार बघा. झाकण लावल्यावर ती ब्रेकपट्टीला ड्रमपासून दूर ओढते. तार सैल झाली, हुकातून निसटली किंवा पट्टी गंजून अडकली, तर मोटर ब्रेक लागलेला ड्रम ओढत बसते. तार ठीक असेल तर ड्रम आणि बाहेरच्या टबामधल्या फटीत टॉर्च मारा. वरची प्लास्टिकची जाळी न ठेवता कपडे सुकवले असतील तर रुमाल तिथेच सापडेल. फट मोकळी असेल तर स्पिनचा कपॅसिटर. तो बहुधा 4 ते 6 मायक्रोफॅरडचा असतो, आणि तपासायची रीत मानेवाड्याच्या वाचकांना सांगितली तीच.