‘वाचलंस तर मोबाइल मिळेल’

“मुलगा हुशार आहे हो, पण पुस्तक हातात धरत नाही. काय करू?” हा प्रश्न माझ्याकडे इतके पालक घेऊन येतात की त्यातलं एक प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरा वर्षांचा. पहिल्या भेटीला आई एकटीच आली आणि येताना एक वही घेऊन आली. वहीत रकाने आखलेले: तारीख, पुस्तकाचं नाव, किती पानं वाचली, ‘काय शिकलो’, सही. रोज वीस पानं झाली की अर्धा तास मोबाइल, असं ठरलेलं. सुरुवातीला वही नेटाने भरलेली होती. पुढे ‘काय शिकलो’ या रकान्यात ‘खरे बोलावे’, ‘कष्ट करावेत’, परत ‘खरे बोलावे’. मग पठ्ठ्याने मधली पानं गाळून शेवट तेवढा वाचायला सुरुवात केली. आईच्या ते लक्षात आलं, घरात रागवारागवी झाली, आणि आता आईने पुस्तक काढलं की तो खोलीतून उठून जातो.

अशा वेळी मी आधी एकच तपासते. मुलाला वाचायचं नाही, की वाचायला जमत नाही? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं, ते मला रोजच्या कामात फार उपयोगी पडतं. लिहिलेले शब्द ओळखता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू फारच कमी पडली, तर दुसरी कितीही भक्कम असली तरी उपयोग होत नाही. म्हणून मी मुलांना एक उतारा वाचून दाखवते आणि त्याबद्दल बोलायला सांगते; मग तितकाच अवघड दुसरा उतारा त्यांना मोठ्याने वाचायला देते. ऐकलेलं छान समजतं, पण वाचताना अक्षरागणिक अडखळायला होतं, ओळ सुटते, शब्द अंदाजाने वाचले जातात, असं दिसलं तर त्या मुलाला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. तिथे डोळ्यांची तपासणी आणि अध्ययन अक्षमतेच्या तज्ज्ञांची भेट, हे आधी. वाचनाच्या गोडीबिडीचं नंतर.

या मुलाचं तसं काही नव्हतं. थोडं सावकाश, पण नीट वाचत होता.

बोलत मात्र नव्हता. “तुला काय आवडतं?” या प्रश्नावर खांदे उडवले. बोलता बोलता मी दिलेल्या कागदावर त्याचं चित्र चाललं होतं. एका बाजूला कललेलं, मोडक्या डोलकाठ्यांचं जहाज. हे कुठलं, असं विचारलं मात्र, आणि बांध फुटला. ते ‘एंड्युरन्स’ होतं. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात अडकलं, बर्फाने चिरडलं आणि १९१५ साली बुडालं. थेट २०२२ मध्ये सुमारे तीन हजार मीटर खोलीवर सापडलं. लाकूड इतकं शाबूत, की मागच्या बाजूचं नाव वाचता येतं. “कारण तिथल्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे नसतात.” मग स्वीडनचं ‘व्हासा’, १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं. ते का कललं, तोफांचं वजन कुठे होतं, सगळं हातवारे करून सांगून झालं.

“हे सगळं तुला कुठून कळलं?”

“वाचलं.”

“कुठे?”

“असंच. ज्ञानकोशात चित्रांखाली लिहिलेलं असतं ना, ते. आणि नेटवर.”

“म्हणजे तू वाचतोस की!”

“ते वाचन नाही. आई म्हणते, ती नुसती माहिती.”

पुढच्या भेटीत मी आईला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “जहाजांचं वेड आहे हो त्याला, ते मला माहीत आहे. पण मॅडम, मी साहित्याबद्दल बोलतेय. आणि त्याची भाषा कधी सुधारणार?”

तिचा मुद्दा मी बाजूला सारला नाही. कथा-कादंबरी माणसाला जे देते ते चित्राखालच्या चार ओळी देत नाहीत, हे मलाही मान्य आहे. पण भाषेची काळजी उलट दिशेची होती. रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८चा एक प्रयोग मी तिला सांगितला. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर तो डाव मांडून दाखवायला सांगितला. वाचनात कच्ची समजली जाणारी, पण बेसबॉल पक्कं ठाऊक असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. ज्या विषयात जीव अडकलेला असतो, त्यात मूल आपल्या पातळीच्या वरचा मजकूरही पेलतं. डोलकाठी, शीड, नांगर, सुकाणू, गळती, गोठणबिंदू हे शब्द त्या मुलाला कोणी पाठ करायला दिले नव्हते.

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग खरं बोलली. “मी लहानपणी फार एकटी होते. मला पुस्तकांनी सांभाळलं. हा कधी एकटा पडला, तर याला कोण सांभाळेल?” बोलताना तिचे डोळे भरून आले. त्या वहीमागे हे होतं. वाचनासाठी धाक घालणारे पालक पुष्कळदा असेच निघतात: स्वतःला मिळालेलं सर्वांत मौल्यवान काही मुलाला देता येत नाही म्हणून कासावीस झालेले. मला तिच्याबद्दल फार आदर वाटला.

पण तिला जे मिळालं होतं, ते रकाने भरून मिळालेलं नव्हतं. ‘वाचलंस तर मोबाइल’ असं म्हटलं, की मुलाच्या मनात मोबाइल हा मेवा ठरतो आणि पुस्तक त्याचं मोल. मोल कोणाला आवडीने मोजावंसं वाटतं? शक्य तितकं कमी द्यावं, हाच त्यातला शहाणपणा. आणि मुलगा मधली पानं गाळत होता तो याच हिशेबाने. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली हेच चित्रकलेबाबत दाखवलं. बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना आधी सांगितलं, की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. ते दिलंही. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं, कसलंही बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना न सांगता, अचानक प्रशस्तिपत्र मिळालं होतं, त्यांची आवड मात्र टिकून होती. आवडीच्या कामाला आधीच मोबदला ठरवला, की ते मोबदल्याचं काम होतं.

आम्ही वही बंद केली. मोबाइलची वेळ घरात वेगळी ठरली; पुस्तकाशी तिचा संबंध नाही, वाचलं तरी तेवढीच, न वाचलं तरी तेवढीच. ‘काय शिकलास?’ हा प्रश्न बंद. आवडलं नाही तर पुस्तक अर्ध्यात सोडायची मोकळीक. ग्रंथालयात पुस्तक तो निवडणार आणि तेव्हा आई दुसऱ्या दालनात थांबणार, हे तिला सर्वांत जड गेलं. पानांची मोजणीही थांबली. ‘सावकाश वाचतो’ ही तिची तक्रार होती, त्यावर मी तिला व्हिक्टर नेल यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं: मौजेसाठी वाचणारी माणसं सर्वांत आवडलेली पानं जास्त हळू वाचतात, असं त्यांना १९८८च्या सुमारास आढळलं होतं. वीस पानांचा हिशेब नेमका अशाच रेंगाळण्यावर घाला घालतो.

आणि एक गोष्ट तिने स्वतःसाठी मागून घेतली. “मी त्याला वाचून दाखवू का? मोठा झालाय तसा.” जरूर दाखवा, असं मी म्हटलं. स्वतः वाचायला येऊ लागलं की वाचून दाखवणं बंद करायचं, ही आपल्याकडची फार मोठी घाई आहे. अकराव्या वर्षी मुलाला ऐकून जे समजतं, ते त्याला स्वतः वाचून समजणाऱ्यापेक्षा बहुधा पुढचं असतं. अट एवढीच, की त्याने ‘पुरे’ म्हटलं की पुरे.

त्यानंतरचे काही आठवडे मुलाने काहीच वाचलं नाही. ज्ञानकोशसुद्धा नाही. आईचा फोन आला, “मॅडम, जे होतं तेही गेलं.” पुष्कळ पालक इथेच घाबरून वही परत काढतात. सक्ती उठल्यावर मूल आधी ती खरंच उठली आहे का, हे बघतं. मी तिला थांबायला सांगितलं आणि ती थांबली. त्या दिवसांत तिच्यासारख्या बाईला ते किती कठीण गेलं असेल!

वाचून दाखवणं मात्र चालू होतं. तो जमिनीवर पालथा पडून चित्रं काढायचा, ऐकतोय की नाही कळायचं नाही. एकदा तिने एक परिच्छेद गाळला, तर मान वर न करता म्हणाला, “आई, मधलं राहिलं.” पुढे ग्रंथालयातून त्याने ध्रुवीय मोहिमांवरचं एक जाड पुस्तक आणलं. मधली तीन प्रकरणं वाचली, नकाशे पुन्हापुन्हा बघितले आणि परत केलं. आईने का परत केलंस असं विचारलं नाही. मग त्याने एक आणलं ते मोठ्यांचं होतं, आणि त्यातला न कळलेला भाग घेऊन तो आपणहून तिच्याकडे आला.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं, “कादंबऱ्या कधी वाचेल?” मी म्हटलं, सांगता येणार नाही, कदाचित फारशा वाचणारही नाही. त्यावर ती जरा वेळाने म्हणाली, की परवा रात्री तिचा डोळा लागला, तर बर्फात अडकलेल्या खलाशांचं पुढचं पान त्यानेच तिला वाचून दाखवलं. पुढची भेट आम्ही ठरवली नाही. वाचताना अडखळायला लागला किंवा डोळ्यांची तक्रार करू लागला, तर लगेच या, एवढं सांगितलं.